पंधरा मिलिमीटरचं दुकान

माझा धंदा काय, हे आमच्या वस्तीवर कुणाला एका दमात सांगता येत नाही. मी इमारतींची मॉडेलं बनवतो. जी इमारत अजून बांधलेली नाही, ती आधी टेबलावर उभी करायची, म्हणजे ज्याला ती मंजूर करायची आहे त्याला वरून वाकून बघता येते. सेनगाव तालुक्यात याला 'खेळण्याचं काम' म्हणतात. गावी गेलो की झाडाखाली बसलेली रिकामी मंडळी विचारतात, "किती मजले झाले आज?" मी सात म्हटलं की विचारतात, "अन् लिफ्ट चालू झाली का?" पूर्वी मीही हसायचो. आता असल्या चेष्टेनं डोकं फिरतं, आणि राग त्यांचा नसतो हेही कळतं.

पुण्यात एका वर्कशॉपात बारा वर्षं काढली. तिथं पडेल ते केलं. बिल्डरांचे टॉवर केले. एका कंपनीसाठी लाकडाचा पंप केला; तो हुबेहूब लोखंडाचा दिसायचा आणि त्यातून थेंबभरही पाणी येणार नव्हतं. एका मालिकेसाठी थर्माकोलची समाधी केली, तिच्यावर शेवाळ चढवलं, आणि शूटिंगच्या वेळी एक म्हातारा स्पॉटबॉय तिला हात जोडून गेला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. खोटं खरं दिसलं पाहिजे, एवढीच त्या नोकरीची अट होती. पुढं वर्कशॉप बंद पडलं आणि मी हिंगोलीला आलो. भाड्याच्या दोन खोल्या, एक जुनं लेझर मशीन, नांदेडच्या आर्किटेक्ट लोकांची कामं. चाललं होतं.

या कामात एक नियम आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जे नवीन बांधायचं आहे ते रंगीत करायचं. त्याला काचा, रेलिंग, कुंड्या, पार्किंगमधल्या गाड्या, सगळं. आणि जे आजूबाजूला आधीपासून आहे, लोकांची घरं, दुकानं, शाळा, ते पांढरं. नुसते ठोकळे. त्यांना दार नाही, खिडकी नाही, छप्पर नाही. बघणाऱ्याचा डोळा नव्या इमारतीवरून हलू नये म्हणून असं करतात. वर्कशॉपात आम्ही त्याला 'पांढरं' म्हणायचो. "टॉवर झाला, आता पांढरं उरकून टाक." माणसं राहत असलेली अख्खी गल्ली मी एका दुपारात उरकलेली आहे. कधी काही वाटलं नाही.

माझी थोरली बहीण, तिला मी अक्का म्हणतो, आमच्या फाट्यावर ताडपत्री आणि गाड्यांची सीट कव्हरं शिवते. जीपचं हूड, ट्रकची ताडपत्री, ट्रॅक्टरच्या सीटचं रेक्झिन, मळणीयंत्रावर टाकायचं पांघरूण. हे काम आधी दाजी करायचे. मग दाजींना जीप मिळाली, ते सेनगावच्या रस्त्यावर प्रवाशांच्या सीटा भरायला लागले आणि मशीन धूळ खात पडलं. एक दिवस अक्का त्याच्यावर जाऊन बसली ती उठलीच नाही. कपडे शिवायचं मशीन वेगळं आणि हे वेगळं. याची सुई दाभणासारखी, आणि मशीन इतकं जड की उचलायला दोन धडधाकट माणसं लागतात. पहिल्या वर्षी ड्रायव्हर लोक दुकानात बाई बघून परत जायचे. मग तिची शिवण पावसात गळत नाही हे कळलं आणि वारंगा फाट्याकडून येणारे ट्रकवालेसुद्धा थांबायला लागले. सासरी तिला चहात साखर किती टाकायची हेदेखील कुणी विचारत नव्हतं. दुकानात मात्र सहा फुटी ड्रायव्हर तिच्यासमोर उभे राहून म्हणायचे, "अक्का, आज देता का जी?" आणि ती मान वर न करता म्हणायची, "उद्या. घाई असंल तर दुसरीकडं जावा." दुसरीकडं कुणी जात नव्हतं.

दुकान म्हणजे दहा फूट रुंदीचा पत्र्याचा डबा. खानावळीच्या मागच्या अंगाला, कडुनिंबाखाली. पुढून निळ्या ताडपत्रीची झडप. जागा सरकारी. तिथली कुणाचीच जागा स्वतःची नव्हती.

मग एक दिवस नांदेडच्या आर्किटेक्ट मॅडमनी नवीन काम पाठवलं. फाट्याचा विकास. नवं बसस्थानक, वर दुकानांचा मजला, रुंद रस्ता, मधोमध कारंजं. ड्रॉइंग उघडलं तेव्हा आधी ओळखूच आलं नाही. मग वळण दिसलं, कालवा दिसला, आणि एकदम लक्षात आलं की हा तर आमचाच फाटा. मी बोटानं रस्त्यावरून चालत खानावळीपर्यंत गेलो. खानावळीवर लाल काट होती, म्हणजे ती पाडायची. तिच्या मागं हद्दीची रेघ होती आणि रेघेपलीकडं कोरं. अक्काचं दुकान ड्रॉइंगमध्ये नव्हतंच. मोजणीवाले पुढूनच बघून गेले असणार, झाडामागं कोण जातंय.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. रेघ अक्काच्या दुकानाच्या अलीकडं होती, काम तिच्यापर्यंत येणारच नव्हतं. ती सुटली होती.

पण अक्काला तसं वाटत नव्हतं. खानावळवाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांना नोटिसा आल्या होत्या. तिला आली नव्हती, आणि तेच तिच्या जिवाला लागलं होतं.

"सगळ्यायला कागद आला, मलाच काहून न्हाई?" ती म्हणाली. मी रविवारी फाट्यावर उतरलो होतो. "ज्यायचं नाव हाय त्यायला नव्या इमारतीत गाळा भेटणार म्हणं. माझं नावच न्हाई कुठं."

"गाळ्याचं काही खरं न्हाई, अक्का."

"ते तुला काय ठाव? ते फाट्याचं खेळणं तूच करून राहिला म्हणं ना?"

"व्हय."

"मंग माझं दुकान टाक त्याच्यात."

"नकाशात न्हाई ते."

"म्हणूनच म्हणून राहिले ना, लेकरा. नकाशात न्हाई म्हणून."

आता हे तिचं बोलणं बाहेरच्याला वेडेपणाचं वाटेल. आमच्या वस्तीतल्या माणसाला वाटणार नाही. आमची वस्ती गायरानावर आहे. घरं आहेत, विहार आहे, बोअर आहे, माणसं तिथं जन्मतात आणि मरतात, पण गावच्या नकाशावर तिथं काहीच नाही. आमच्या वडिलांचं निम्मं आयुष्य 'आमाला नकाशात घ्या' हे एक वाक्य म्हणण्यात गेलं. अर्ज, पोचपावत्या, साहेब बदलला की नवा अर्ज. आम्ही भावंडं 'नकाशात येणं' हा शब्द ऐकत मोठे झालो. दुसरीकडं मुलांना मोठं झाल्यावर काय व्हायचं ते विचारतात, आमच्याकडं नकाशात कधी येणार ते विचारायचे. नकाशात आलेल्या माणसाला कुणी हात लावत नाही, ही आमची समजूत वडील गेले तरी गेली नाही. बारा वर्षं नकाशांवरूनच पोट भरून माझीही गेली नव्हती, हे जास्त लाजिरवाणं आहे.

मी टाकतो म्हणालो.

नुसता पांढरा ठोकळा बसवला असता तर कुणाला दिसला नसता. शेकडो ठोकळ्यांत एक. पण मला ते पटेना. अक्काचं दुकान आणि त्याला दार नाही? मॉडेल दोनशेला एक या प्रमाणात होतं, म्हणजे दहा फुटांचं दुकान पंधरा मिलिमीटरचं, नखाएवढं. त्या नखाएवढ्या दुकानावर मी दोन दिवस घालवले. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद स्क्रूच्या आट्यांवर दाबून पत्र्याच्या पन्हळी काढल्या. पुढं निळी झडप लावली, अर्धी उघडी, ती ठेवते तशीच. आत काळ्या रंगाचा एक ठिपका, म्हणजे मशीन. भिंग लावल्याशिवाय तो दिसायचा नाही, तरी केला. अख्ख्या बसस्थानकावर मी इतका जीव लावला नव्हता. बहिणीवरची माया वगैरे आज म्हणता येईल, पण खरं सांगायचं तर त्यात मायेपेक्षा माझी हौस जास्त होती. बघा, मला किती बारीक जमतं.

हिंगोलीला एका कार्यालयाच्या सभागृहात मॉडेल मांडलं. मोठे साहेब आले, त्यांच्यामागं सात-आठ जण, मोजणी केलेला तरुण इंजिनिअर, आर्किटेक्ट मॅडम. मी कोपऱ्यात उभा. मॉडेलवाला नेहमी कोपऱ्यात उभा असतो, पिशवीत ब्लेड, चिमटा आणि गोंद घेऊन, वाहतुकीत काही निखळलं तर चिकटवायला.

साहेबांनी बसस्थानक पाहिलं, कारंज्याला मान हलवली. मग त्यांचा पेन हवेत फिरत फिरत खानावळीच्या रिकाम्या जागेवरून मागं गेला आणि थांबला. पांढऱ्याफटक ठोकळ्यांत तेवढं एक निळं होतं. कुणाच्याही डोळ्यात भरलं असतं.

"ये नीला क्या है?"

इंजिनिअरनं घाईघाईनं कागद उलटले. "सर, हे आपल्या यादीत नाही."

"यादीत नाही म्हणजे? मॉडेलवाल्याला दिसतं आणि तुम्हाला दिसत नाही?"

दोघं-तिघं हसले. साहेब माझ्याकडं वळले. "खरंच आहे का तिथं हे?"

'शोभेसाठी टाकलंय सर' एवढं एक वाक्य पुरलं असतं. तीन शब्द. खोट्याला खऱ्याचा रंग देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि त्या दिवशी, ज्या दिवशी गरज होती त्या दिवशी, मी छाती काढून म्हणालो, "आहे सर. माझ्या बहिणीचं आहे." वेडी आशा अशी की बहिणीचं म्हटल्यावर ते जरा वेगळ्या नजरेनं बघतील. मॉडेलचं कौतुकही करतील, ही आशाही होतीच.

"अच्छा," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. इंजिनिअरला म्हणाले, "घ्या यादीत." आणि मला म्हणाले, "हे काढून टाका इथून. परवा वरची मंडळी बघायला येतायत."

मी पिशवीतून ब्लेड काढलं. सगळे थांबून बघत होते. गोंद मी चांगला लावला होता, त्यामुळं दुकान लवकर निघेना. एक भिंत तुटली, मग छप्पर, मग झडप. खाली चौकोनी डाग राहिला. आर्किटेक्ट मॅडम हळूच म्हणाल्या, "त्याच्यावर हिरवळ टाका थोडी." मी हिरवा स्पंज चुरून त्या डागावर एक झुडूप लावलं. छान दिसलं. तो कोपरा आधीपेक्षा बरा दिसायला लागला, असं माझ्या मनात आलं, आणि ते मनात आल्याबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही.

संध्याकाळच्या आत अक्काचा फोन. "सायबानं पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"माझं दुकान?"

"व्हय. तेच विचारलं त्यायनं, हे काय हाय म्हणून."

"मंग?"

"यादीत घ्या म्हणले."

पलीकडून मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. "घेतलं म्हणं यादीत!" ती कुणाला तरी ओरडून सांगत होती. "माझ्या भावानं घातलं, सायबानं घेतलं!" मी जे बोललो त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ती कसली यादी, एवढंच मी सांगितलं नाही. सांगणार होतो. फोनवर नको, समोर बसून सांगू, असं ठरवलं. मग त्या आठवड्यात काम निघालं. मग दुसऱ्या आठवड्यात मला ताप होता, म्हणजे तसा फार नव्हता. तोंडाला कुलूप लागतं म्हणतात तसं काही झालं नव्हतं. मी भीत होतो.

तिला नोटीस आली. तिनं ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मशीनच्या वर अडकवली. सगळ्यांसारखा मलाबी कागद आला, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, हे मला दाजींकडून कळलं. नोटीस तिनं वाचली नव्हती का? वाचली होती, सातवी पास आहे ती. पण इतर लोक घाबरले ते गाळा मिळेल की नाही म्हणून. तिला भीती नव्हती. तिचं तर मॉडेलमध्येच दुकान होतं.

पाडापाडीच्या दिवशी खानावळवाल्यानं पहाटेच भांडी हलवली होती, पंक्चरवाला कॉम्प्रेसर घेऊन गेला होता. अक्कानं नेहमीसारखी झडप वर केली आणि एका जीपचं हूड शिवायला घेतलं. दहाच्या सुमाराला तिचा फोन आला. आवाजात काळजीसुद्धा नव्हती, नुसती चीड. "हितं जेसीबी येऊन राहिलाय माझ्याकडं. यायला काही माहीत न्हाई. तू ये अन् सांग जरा."

मी मोटारसायकल काढली. पोचलो तेव्हा खानावळ नव्हती. जिथं कायम तव्याचा आवाज असायचा तिथं विटांचा ढीग होता आणि त्याच्यापलीकडं, रस्त्यावरून पहिल्यांदाच सरळ दिसणारं, अक्काचं दुकान. ती दारात उभी होती, हातात कात्री तशीच. समोर तोच तरुण इंजिनिअर.

"हे बघा, आला," ती त्याला म्हणाली. "ह्यो माझा भाऊ. यानंच केलंय ते सगळं. सायबांनी सोता पाह्यलंय माझं दुकान. इचारा त्याला."

इंजिनिअरनं माझ्याकडं पाहिलं. त्या दिवशी टेबलाशी तोही होता, ब्लेड चालताना त्यानंही पाहिलं होतं. तो एक शब्द बोलला नाही. त्याचे उपकारच म्हणायचे. जेसीबीवाल्याला त्यानं हातानं थांब म्हटलं आणि वाट बघत राहिला.

"सांग की," अक्का म्हणाली.

"अक्का, ते काढलं मी."

"काय काढलं?"

"तुझं दुकान. त्या मॉडेलवरून. साहेब म्हणले काढ, मी काढलं. त्याच दिवशी."

"अन् यादीत घेतलं ते?"

"ती पाडायची यादी हाय. तुझं नावच नव्हतं तिच्यात. मी निळं दिसंल असं केलं म्हणून त्यायला दिसलं."

माझ्या तोंडून ते सगळं एकदमच बाहेर पडलं, शेवटचं वाक्यसुद्धा. मला वाटलं होतं ती ओरडेल. लहानपणी ती मला चपलेनं मारायची, तसं मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं कात्री कमरेला खोचली. प्लॅस्टिकच्या पिशवीतली नोटीस काढली, घडी केली आणि ब्लाउजात ठेवली. मग सुईखाली अर्धं शिवलेलं हूड होतं, त्याचा धागा दातानं तोडला आणि ते बाजूला केलं.

"मंग उभा काहून राहिला?" ती म्हणाली. "धर त्या अंगानं."

दोघांनी मशीन उचललं. ती पाठमोरी पावलं टाकत पुढं, मी तिच्याकडं तोंड करून मागं. दुकानापासून रस्त्यावर उभ्या दाजींच्या जीपपर्यंत विटांतून, मोडक्या पत्र्यातून जायचं होतं. मशीनच्या रुंदीएवढंच आमच्यात अंतर होतं. तिच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता, श्वास ऐकू येत होता. तेवढ्या वाटेत तिनं एकदाही माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. मध्ये एकदा थांबली, मान वळवून मागची जमीन पायानं चाचपली आणि मशीनकडं बघतच म्हणाली, "हितं खड्डा हाय. पाय बघून टाक."